सरकारांचा चहा आणि तीन बशा

सकाळचे साडेसहा. देवखिंड संस्थानाचा राजवाडा, पूर्वेकडचा सज्जा. श्रीमंत रणधीरराव सरकारांच्या हातात चहाचा पेला होता आणि चहावर जाड साय धरली होती.

"कोंडाबाई, हा चहा आहे की खरवस?" सरकारांनी विचारलं.

मुदपाकखान्यातली कोंडाबाई मान खाली घालून उभी राहिली. तिने चहा सहा वाजता उतरवला होता, वाफाळता. पण सरकारांच्या तोंडी जाणारी प्रत्येक वस्तू आधी चाखायची, असा आजोबांच्या काळापासूनचा नियम होता. आजोबांना कोणीतरी दुधातून विष घालायला निघालं होतं म्हणे. त्यामुळे चहा आधी कोठी सांभाळणारे कोठावळे चाखत, मग राजवैद्य, मग कारभारी अनंतराव. तिघेही बशीत ओतून, फुर्र करून, सावकाश. आणि प्रत्येकानंतर थांबावं लागे, कारण चाखणारा मरतो की जगतो ते पाहायला थोडा वेळ द्यावाच लागतो. अनंतरावांची बशी सर्वांत खोल होती.

"सरकार, हिचा हातच जड झालाय," अनंतराव मिशीवरची साय पुसत म्हणाले. "माझी मेहुणी चहा फार छान करते."

सरकार हट्टाला पेटले. "ते काही नाही. उद्या घोट घेताच जीभ पोळली पाहिजे. नाही पोळली, तर कोंडाबाई, मागच्या दोन खोल्या रिकाम्या कर आणि गावाला जा."

"आणि चाखणं, सरकार?" कोंडाबाईने विचारलं.

"चाखणं चुकता कामा नये. जीव माझा आहे."

"चाखून झाल्यावर इथे परत गरम केला तर?"

"विस्तवावर चढला की तो नवा पदार्थ," अनंतराव म्हणाले. "पुन्हा चाखावा लागेल."

"आणि पुन्हा उकळला की त्याचा काढा होईल," राजवैद्यांनी पुस्ती जोडली. "काढा सरकारांना वर्ज्य आहे."

त्या दोन खोल्यांत कोंडाबाईची अंथरुणाला खिळलेली सासू होती. तिला बैलगाडीत घालून कुठे नेणार?  संध्याकाळी कोंडाबाईने कोठीतून एक शेगडी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सहाला ती सज्जात आली. शेगडीत कोळसे होते, पेटवलेले नव्हते. समोर तिने ताटल्या मांडल्या: पाणी, दूध, साखर, आलं आणि चहाची कोरडी पत्ती.

"हे काय?" सरकारांनी विचारलं.

"सरकारांच्या तोंडी जाणार आहे ते सगळं. चाखून घ्यावं."

राजवैद्य पाणी आणि दूध प्यायले. कोठावळ्यांनी साखर आनंदाने खाल्ली आणि आल्याचा तुकडा डोळे मिटून. पत्तीची ताटली अनंतरावांसमोर आली.

"ही मी खाऊ?"

"परमुलखातला पाला आहे, साहेब. सर्वांत जोखमीचा जिन्नस. तो मोठ्या माणसानेच चाखायला हवा."

अनंतरावांनी दोन कण जिभेवर ठेवले.

"रोज बशीभर चाखता," कोंडाबाई म्हणाली, "आज सरकारांचा जीव स्वस्त झाला का?"

सरकार पुढे सरसावले. "चावा, अनंतराव."

अनंतरावांनी मूठभर पत्ती चावली. गाल आत गेले, जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांत पाणी आलं. "कडू आहे," ते कसेबसे म्हणाले.

"म्हणजे पत्ती खरी आहे," कोंडाबाई म्हणाली आणि शांतपणे बसली. अर्धा तास झाला. तिघांपैकी कोणी मेलं नाही. मग तिने कोळसे पेटवले, सरकारांच्या डोळ्यांदेखत. पाण्याला उकळी आली, आलं आणि साखर पडली, पत्ती पडली, झाकण बसलं, दूध गेलं. गाळून थेट पेला सरकारांच्या हातात.

"थांबा," अनंतराव ओरडले. "तयार चहा चाखलेला नाही."

"या भांड्यात गेलं ते सगळं तुम्हा तिघांच्या पोटात आहे, साहेब. माझे हात सरकार बघत होते. आता शंका एवढीच उरते की तुम्ही जिवंत आहात की नाही."

सरकारांनी घोट घेतला आणि जीभ पोळली. पेला कसाबसा खाली ठेवून ते इतके हसले की सज्जाच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

"माग, काय हवं ते."

"दोन खोल्या सासूच्या नावावर कराव्यात. आणि चाखायची ही रीत अशीच चालू ठेवावी. रोज."

सरकारांनी दोन्ही मान्य केलं, वर चांदीची किटली दिली. अनंतराव पाण्याचा तांब्या शोधत निघून गेले.

सरकारांना उत्सुकता वाटली म्हणून त्यांनी आजोबांचा मूळ हुकूम दप्तरातून काढायला लावला. कागद तिसऱ्या दिवशी सापडला. शिक्का बरोबर होता, सही बरोबर होती. त्यात चाखणारा माणूस एकच लिहिला होता, कोठावळे. उरलेल्या दोन बशा कोणाच्या हुकमाने सुरू झाल्या, ते देवखिंडीत अजून कोणी सांगितलेलं नाही.