बसलेला बैल

सन १९८६, वैशाखाचा पहिला सोमवार. इब्राहिम मिस्त्रींना जाऊन चाळीस दिवस झाले होते. त्यांच्याच पिठाच्या गिरणीत मी मोटरचं काम शिकलो. त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही.

मागच्या आठवड्यातल्या वळवाच्या वादळापासून गिरणीची मोटर नुसती घुमायची, फिरायची नाही. त्यांच्या पत्नी, जैतूनभाभी, म्हणाल्या, "रंगाभाऊ, पट्ट्याची टपटप ऐकली की वाटायचं, हे आत काम करतायत. आता तेवढंही राहिलं नाही."

मी वीज मंडळात कमी व्होल्टेजची तक्रार दिली. लाइनमनला घेऊन इंजिनिअर साहेब आले. गिरणीचं बटण बंद ठेवून त्यांनी मीटर लावला.

"व्होल्टेज पूर्ण आहे. मोटर मेली. भंगारात घाला."

भाभींनी तोंडाला पदर लावला.

मी म्हणालो, "साहेब, मोटर चालू करून मोजा."

"शिक्षण किती तुझं?"

"तिसरी. पण गोठ्यात बसलेला बैल लंगडत नाही, एवढं कळतं. मानेवर जू ठेवा, मग बघा."

साहेब हसले. मी बटण दाबलं. मोटर घुमली आणि मीटरचा काटा निम्म्यावर पडला. हसू थांबलं.

"आता खांबावरचा सांधा बघायला सांगा."

लाइनमन वर चढला. वाऱ्यानं सांधा सैल झाला होता, जळून काळा पडला होता. त्यानं तो नव्यानं बांधला.

मी पुन्हा बटण दाबलं. पट्टा टपटप वाजू लागला. भाभींनी आतल्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मिस्त्रींचं ऋण फिटलं.