चपला काढतात तिथलं गवत

"…मग ते मरतं तरी कधी?" कासमबाबांनी विचारलं.

"दिवाळीनंतर. आपोआप." शर्वरी म्हणाली. "परदेशी गवत आहे, बाबा. एका वर्षाचं आयुष्य. पावसात उगवतं, काटेरी बोंडं धरतं, वाळतं. बी तेवढी बोंडात राहते."

किनाऱ्यावरच्या दर्ग्यात बाबा एकटेच राहत. शर्वरी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. अडीच वर्षांची ओवी तिच्या कडेवर होती. गेल्या दिवाळीत बोंड रुतून लेकीचा पाय पिकला. तेव्हापासून शर्वरीनं तिला वाळूत उतरवलंच नव्हतं. अशानं पोर चालायचं विसरेल, असं सासूबाई म्हणत. तसं होत नाही, हे शर्वरीनं वाचलं होतं. दोनदा.

"आपोआप मरतं, तर तू काय करतेस?"

"उपटते! रोज सकाळी सगळा किनारा पालथा घालते. तरी यंदा पार खाडीपर्यंत पोचलंय. वाऱ्यानं जात असणार."

"एवढं जड बोंड? वारा कशाला उचलेल, बेटी?"

"मग…?"

बाबा उठले. पायरीपाशी बसून त्यांनी तिनं काढून ठेवलेली चप्पल उलटी केली.

चपलेच्या तळाला बोंडंच बोंडं रुतली होती.

"टोचली नाहीत?"

"जाड आहे ती. मुद्दाम घेतली."

"गावात हे गवत पहिल्यांदा कुठं उगवलं, ठाऊक आहे?"

"बंदरात. जहाजातून आलं असेल."

"इथं. चपला काढतात तिथं."

ओवी खाली उतरायला धडपडत होती. शर्वरीनं तिला आणखी घट्ट धरलं.

"हिच्या पायात रुतलं, त्या बोंडाचं काय केलंस?"

"जाळलं. गॅसवर धरून… राग आला होता."

"म्हणजे तेवढं एक उगवलं नाही."

भरती लागली होती. बाबा एकेक बोंड काढून मातीच्या पणतीत टाकत राहिले. त्यांच्या बोटाला रक्त आलं. त्यांनी ते कफनीला पुसलं.

"मला किनारा साफ हवाय, बाबा," शर्वरी हळूच म्हणाली. "हिला खेळता यावं, एवढंच. आणि मीच… वर्षभर… पेरत होते. मग आता करू तरी काय?"

बाबांनी दोन्ही चपला उचलून आपल्या मागे ठेवल्या.

"पोरीला उतरव. तू अनवाणी पुढं चाल. टोचेल ते काढून जाळ. तिला मागून येऊ दे."