नदी मागायला गेलेले गाव

कुमुदा नदीच्या एका संथ वळणावर एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्या आश्रमात एक जलकोश होता. दूरदूरचे लोक त्यात आपापल्या परीने भर घालीत. कुणी धान्य देई, कुणी बैलजोडी, कुणी अंगावरचा एखादा दागिना. पाण्यावाचून अडलेल्या गावांना त्या कोशातून साहाय्य मिळे. कुठे तळ्यातला गाळ निघे, कुठे बंधारा उभा राही. गावकऱ्यांच्या विनंत्या ऐकायच्या, त्यांच्या गावी जाऊन प्रत्यक्ष पाहायचे आणि काय द्यावे ते आचार्यांना सुचवायचे, हे काम सुव्रत नावाच्या शिष्याकडे होते.

सुव्रत मनाने हळवा होता आणि स्वप्नाळूही. पाण्याची स्वप्ने त्याला दिवसाढवळ्या पडत. कोरड्या माळावर उभा राहून त्याने डोळे मिटले, की तिथे उद्या झुळझुळणारे पाणी त्याला आजच ऐकू येई.

एका मार्गशीर्षात नावखेडची चार माणसे आश्रमात आली. नावखेड म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला वसलेले कोळ्यांचे गाव. गावातले सर्वांत वयस्कर धोंडजी पुढे होते आणि त्यांच्या मागे चिमाबाई. नवरा गेल्यावर वीस वर्षे तिनेच गावची नाव चालवली होती.

"दोन वर्सं झाली," धोंडजी म्हणाले, "पावसाळा सरला की नदी आमच्यापातूर येतच न्हाई. वरच्या अंगाला निळीच्या मळेवाल्यानं बांध घातलाय. राजाचा परवाना हाय त्येच्यापाशी. तुमी कायतरी करा, बाबा."

सुव्रत त्यांच्याबरोबर गेला. पहाटेच्या धुक्यात तो नदीच्या पात्रात उतरला, तेव्हा आपण जागे आहोत की झोपेत, हे त्याला कळेना. पायाखाली पांढरी वाळू होती आणि दोन्ही बाजूंना काठ उभे होते, पण त्यांच्यामध्ये नदी नव्हती. चिमाबाईची नाव वाळूत एका कुशीवर कलंडली होती आणि तिच्या सावलीला शेळ्या बसल्या होत्या. बायका कोसभर चालून पाणी आणीत होत्या. आणि तिथेच, काठावरच्या करंजाच्या झाडांपाशी, त्याला एक बारव दिसली. तशी ती तिथे नव्हती, पण त्याला अगदी स्वच्छ दिसली. काळ्या दगडाच्या पायऱ्या, कोनाड्यात दिवे, तळाशी हिरवे थंड पाणी. नऊ दिवस बसून त्याने तिचा आराखडा काढला आणि आश्रमात परतून तो आचार्यांपुढे उलगडला.

आचार्य बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. "फार सुंदर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी घाईने कागदाची घडी घातली, शिष्याच्या हाती दिली आणि नावखेडच्या लोकांना निरोप धाडला.

लोक आले. आचार्य म्हणाले, "तुमच्यातल्या बारा जणांनी राजधानीला जावे. गाड्या, शिधा, धर्मशाळेचा खर्च, सारे काही कोशातून मिळेल. राजसभा तुमचे म्हणणे ऐकेपर्यंत तिथेच राहा. कितीही दिवस लागोत."

सुव्रताला आपण चुकीचे ऐकले असे वाटले. लोक उठून गेल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, तहानलेल्यांना आपण प्रवासाचा शिधा दिलात?"

"हो."

"आणि तोवर गावाने प्यायचे काय?"

"ते मी पाहीन. तू त्यांच्याबरोबर जा. सभेची रीत त्यांना समजावून दे, अर्ज लिहून दे. मात्र सभेत तू बोलायचे नाहीस. एक शब्दही नाही."

सुव्रत गेला, पण त्याचे मन जड झाले होते. गुरूंचे वय झाले, असा विचारही त्याच्या मनाला चाटून गेला आणि त्याची त्याला लाज वाटली.

राजधानीत दिवस धुक्यासारखे सरकत राहिले. रोज सकाळी ही बारा माणसे राजसभेच्या अंगणात जाऊन बसत आणि रोज त्यांना उद्या या असे सांगितले जाई. अंगणात संगमरवरी कारंजे होते. दुपारच्या उन्हात त्याचे तुषार हवेत विरत, आणि चिमाबाई तासन् तास त्याकडे टक लावून बसे. एकदा तिने पहारेकऱ्याला विचारले, "भाऊ, ह्ये पानी म्होरं कुठं जातं?" पहारेकऱ्याला ते ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत त्याने तो विचारच केला नव्हता.

एक दिवस दफ्तरातल्या एका अधिकाऱ्याने सुव्रताला बाजूला घेतले. "तुमचा आश्रम विहिरी खोदतो, तळी राखतो. लोक तुम्हाला मानतात," तो सौम्यपणे म्हणाला. "धर्मकार्य करावे आणि सुखात राहावे. तुम्हाला कशाला हवे हे राजकारण?" खरे तर हेच सुव्रताच्याही मनात होते.

तीन माणसे कंटाळून गावी परतली. चाळिसाव्या दिवशी उरलेल्या नऊ जणांना आत बोलावले गेले.

सभेत मंत्री होते आणि निळीच्या मळ्यांचा मालक असलेला व्यापारीही होता. सुव्रताने त्याला मनात राक्षसासारखा रंगवला होता. प्रत्यक्षात तो मृदू बोलणारा, थकल्या डोळ्यांचा गृहस्थ निघाला. धोंडजींनी अर्ज पुढे ठेवला, तसा तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "या लोकांचे हाल व्हावेत अशी माझी इच्छा नाही. माझ्या मळ्यांवर चारशे कुटुंबे जगतात, त्यांनाही पाणी लागते. मी नावखेडला माझ्या खर्चाने बारव बांधून देतो. काळ्या दगडाची, पायऱ्यांची. त्यांनी अर्ज मागे घ्यावा, एवढेच."

सभेत समाधानाची कुजबुज झाली. सुव्रताच्या डोळ्यांपुढे ते हिरवे थंड पाणी हलले. काळा दगड, पायऱ्या, सारे त्याने पाहिले होते तसेच. घ्या, घेऊन टाका, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले. धोंडजी वळून त्याच्याकडेच पाहत होते. त्याने नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. मोठ्या कष्टाने त्याने नजर खाली वळवली.

तेव्हा चिमाबाई उभी राहिली. पदर सावरून तिने व्यापाऱ्याला नमस्कार केला.

"मालक, देव तुमचं भलं करो. पन येक इचारते. तुमच्या इहिरीत माजी नाव चालंल का?"

सभा हसली. हसू ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"नाव चालत न्हाई, म्हून खाली लांबच्या गावी दिल्याल्या लेकी म्हायेराला येत न्हाईत. मासा न्हाई, म्हून निम्मं गाव परमुलखात गेलं. आमची गुरं, पाखरं, आमच्या खालची सात गावं, ही समदी काय त्या इहिरीच्या पायऱ्या उतरनार हायती? आमी इहीर मागाया आलोच न्हाई. आमी नदी मागाया आलोय. ती तुमी आमाला दिल्याली नव्हती, मालक. तिची वाट तेवढी सोडा."

बाहेरचे कारंजे आत ऐकू येत होते. मग वृद्ध प्रधानांनी लेखनिकाला विचारले, "परवाना दिला तेव्हा खालच्या गावांचे म्हणणे ऐकले होते?"

लेखनिकाने बाड चाळले. "नाही, प्रधानजी. खाली गावे आहेत, असा उल्लेखच इथे नाही."

त्या दिवशी निर्णय झाला. बांधाला दार बसवायचे आणि अर्धे पाणी बारमाही खाली सोडायचे. आणि इतःपर राज्यात कोणत्याही नदीवर बांध घालण्यापूर्वी, तिच्या खालच्या प्रत्येक गावाला सभेत बोलावून विचारायचे.

परतताना कुणी विजयाच्या आरोळ्या दिल्या नाहीत. "अर्धीच मिळाली," धोंडजी पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते.

नावखेडच्या पात्रात पोहोचताच सुव्रत थबकला. वाळूत ठिकठिकाणी खोल झिरे खणलेले होते. त्यांत पाझरणारे पाणी म्हाताऱ्या बायका करवंटीने हळूहळू घागरीत भरत होत्या. आणि एका झिऱ्यात, धोतर वर खोचून, कमरेइतक्या खड्ड्यात एक वृद्ध पुरुष फावड्याने वाळू उपसत होता. ते आचार्य होते. गाव राजधानीत बसले होते तितके सगळे दिवस ते इथे वाळू उपसत होते.

सुव्रताने त्यांना हात देऊन वर घेतले. त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. दोघे काठावर बसले. सुव्रताने सारी हकिगत सांगितली आणि शेवटी, मान खाली घालून, आपल्या ओठांवर आलेले शब्दही सांगितले.

"मी बारव घ्या म्हणणार होतो, गुरुजी."

"त्यात नवल नाही," आचार्य म्हणाले. "तुझा आराखडा पाहिला तेव्हा मलाही ती बारव बांधावीशी वाटली होती. म्हणूनच मी घाईने त्याची घडी घातली."

सुव्रताने चमकून वर पाहिले.

"सुव्रत, या लोकांनी आपल्याकडे विहीर मागितलीच नव्हती. नदी येत नाही, असे त्यांनी सांगितले. ते ऐकताना विहीर आपल्या मनात आली. देणाऱ्याला आपल्या दानाचा लोभ सुटतो, आणि मग समोरच्याचे शब्द त्याला नीट ऐकू येत नाहीत. बारव झाली असती, तर नावखेडची तहान भागली म्हणून सभेने पुढे विचारच केला नसता, आणि तिच्या भरवशावर वरती आणखी दोन बांध उभे राहिले असते. खालची सात गावे तर कुणाला आठवलीही नसती. कधीकधी आपले पुण्यच अन्यायाला सावली देते."

"पण तो अधिकारी म्हणाला, की आश्रमाने राजकारणात पडू नये."

"पाणी कुणाच्या दारी जायचे, ते त्या सभेत ठरते. मग पाण्याची सेवा करणाऱ्याने त्या सभेच्या दाराशीच का थांबावे? मात्र आत गेल्यावर आपण बोलायचे नाही. तू बोलला असतास, तर सभेला आश्रमाची दया दिसली असती. चिमाबाई बोलली, तेव्हा गाव दिसले. आपले काम तिला तिथवर पोहोचवण्याचे, आणि ती परत येईपर्यंत मागे हे झिरे उपसण्याचे."

सुव्रताने फावडे उचलले आणि तो झिऱ्यात उतरला.

पुढच्या पौर्णिमेला, सकाळी, नदी आली. ती लोंढ्यासारखी आली नाही. वाळूवरून एक अरुंद, चकाकती रेघ हळूहळू पुढे सरकत होती. तिच्या टोकाला फेस होता, सुकी पाने होती, आणि खळगा आला की ती थांबे, तो भरे आणि पुन्हा पुढे निघे. सारे गाव तिच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले. लहान मुलेसुद्धा कुजबुजत होती, जणू मोठ्याने बोलले तर हे सारे मोडून जाईल.

गावाची शीव आली तेव्हा लोक थांबले. पाणी थांबले नाही. चिमाबाईही थांबली नाही.

"कुठे निघालीस, माय?" सुव्रताने विचारले.

"खालच्या गावास्नी सांगाया. पुढल्या बारीला सभा बोलवील, तवा काय बोलायचं ते त्येंनी आतापासनंच ठरवाया पायजे."

सुव्रताने मागे वळून आचार्यांकडे पाहिले. ते काठावर उभे होते आणि त्यांनी नुसती मान हलवली. मग पाण्याच्या चालीने, एक अक्षरही न बोलता, तो तिच्या मागून चालू लागला.

आपल्या हाती द्यायला काही असेल, तर देण्यापूर्वी समोरचा काय मागतो आहे ते एकदा नीट ऐकावे.