कुसळ्याचे धागे

सांगा बरं मंडळी, परक्या मुलखात वाट कुणाला विचाराल? झटकन दिशा दाखवणाऱ्याला, की "मला ठाऊक नाही" म्हणणाऱ्याला? उत्तराची घाई नको. आधी माल बघा, मग भाव करा.

तळ्याकाठच्या त्या राज्यात कुणी मरत नसे. म्हातारा असो, आजारी असो, जो जाई तो आजोळी जाई. तिथली बोलायची रीतच तशी होती.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींच्या पिलांची शाळा भरे. शिकवायला होले मास्तर, स्वभावाने लोण्यासारखे मऊ. गवताची पात चिरून ते रोज प्रत्येकाला विणायला एक धागा देत. जो गैरहजर, त्याचा धागा फांदीच्या बेचक्यात जपून ठेवत. आला की आपला विणील.

त्या थंडीत कुसळ्या नावाचं पिल्लू तापानं फणफणलं आणि एका पहाटे उठलंच नाही. हजेरीला मास्तरांनी त्याचं नाव घेतलं, घुटमळले आणि म्हणाले, "कुसळ्या आजोळी गेला."

झालं! शाळेत एकच गलका.

"लबाड! न सांगता पळाला!"

"आम्हाला का नाही सुट्टी, मास्तर?"

"कुठं आहे हो त्याचं आजोळ?"

मास्तरांनी मान वळवली, पंख कसाबसा उचलला. त्याचं टोक नेमकं तळ्याच्या पलीकडे वळलं.

बेचक्यात धागे साचत राहिले, वाळून पिवळे पडले. कुसळ्या काही येईना. मग एका सकाळी, मास्तर यायच्या आत, पिलांचा बेत ठरला: आपणच जायचं, त्याचे धागे त्याला द्यायचे! काय ती लगबग! कुणी चोचीत धागे कोंबले, कुणी खाऊ म्हणून बाजरीचे दाणे घेतले.

"मी पुढे!"

"तू? काल बांधावरून गडगडलास ना!"

पलीकडचा काठ धुक्यात होता. नुकते पंख फुटलेल्यांना अर्धं तळंही झेपलं नसतं, आणि मध्ये टेकायला काडी नव्हती.

टोकाच्या फांदीवर कुसळ्याची आई बसली होती. सगळी तिच्याभोवती येऊन झोके घेऊ लागली.

"काकू, आम्ही कुसळ्याकडे चाललोय! काही निरोप?"

तिनं ते पिवळे धागे पाहिले. मग पंख पसरून वाट अडवली.

"कुसळ्या मेला रे, बाळांनो."

फांदी हलायची थांबली. आणि मग प्रश्नांवर प्रश्न.

"त्याला दुखतंय का?"

"ताप होता तेव्हा दुखलं. आता नाही."

"मी त्याला चोच मारली होती, म्हणून?"

"नाही रे राजा. तापानं."

"मग आता तो कुठं आहे?"

"मला ठाऊक नाही."

होले मास्तर केव्हाचे मागे येऊन बसले होते. "मला सांगवलं नाही," एवढंच ते म्हणाले.

"मग हे धागे कुणाचे?" सगळ्यात धाकट्यानं विचारलं. आईनं एक धागा उचलला आणि त्याच्याच चोचीत दिला, मग बाकीच्यांनाही एकेक.

दुसऱ्या दिवशी हजेरीत मास्तरांनी नाव वगळलं नाही. "कुसळ्या," ते म्हणाले, थांबले, "मेला." बेचक्यात नवा धागा ठेवला नाही.

पुढे त्या बाभळीवर हिरवीगार घरटी लटकली. वाऱ्यावर गिरकी घेतली की प्रत्येकात एक पिवळा धागा चमके. कधी त्या काठानं गेलात आणि शाळेत पिलं किती होती ते मोजायला बसलात, तर मंडळी, घरटी मोजून त्यात पिवळ्या धाग्यांचा धनी तो एकही धरा. हिशोब चोख ठेवा.