वेणेचा शापित हात

एका राज्यात असे घडले, की माणसे सोने लेऊन दगड होऊ लागली. शिलादंत नावाच्या मायाव्याने डोंगरातल्या गुहेत आपला खजिना उघडा टाकला होता. दाराला कडी नाही, पुढे पहारा नाही. तिकडे कोणी जाऊ नये अशी राजाने दवंडी पिटवली होती. लोकांनी ती ऐकली, आणि तरी गेले. ज्या अंगावर ते सोने चढले त्या अंगापासून दगड पसरू लागला. कोणी विहिरीवर वाकलेले तसेच राहिले, कोणी उंबऱ्यात पाऊल उचललेले.

वेणाही गेली होती. मल्हण कासाराची ही लेक काचेच्या बांगड्यांत वाढली होती. तिने खजिन्यातून एकच बांगडी उचलली, ती हातात चढवली, आणि मग ती निघेना. बोटे करडी पडली, मनगट थंड झाले. वेणा तो उजवा हात पदराखाली झाकून वावरू लागली.

एके सकाळी तिच्या दारातल्या शेवग्यावर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "वेणे, राजपुत्र अभयराज तुला वरू इच्छितो. तुझा होकार घेऊन ये, अशी मला आज्ञा आहे."

"त्यांनी मला पाहिलेले नाही."

"पाहिले आहे."

वेणेने पदर बाजूला केला. "हे पाहिले आहे?"

"तेच आधी पाहिले," पक्षी म्हणाला.

वेणेने पदर पुन्हा हातावर ओढला. बापाने हातातले काम खाली ठेवले. "पोरी, त्याने तुझे व्यंग जाणून मागणी घातली आहे," मल्हण म्हणाला. "आता लपवायचे ते कोणापासून?"

तिने होकार दिला.

प्रभूच्या मंदिरापुढे लग्नाचा मांडव उभा राहिला. राजा आला, प्रजेतले जे अजून चालू शकत होते ते आले. अभयराज साध्या शुभ्र वस्त्रात उभा होता. त्याच्याकडे पाहताना वेणेला उन्हाकडे पाहावे तसे डोळे खाली घ्यावे लागले. वृद्ध धर्मगुरू तिला म्हणाले, "कन्ये, प्रभूने आपल्या लोकांना वरले, ती खूण म्हणजे विवाह. त्याने स्वतःला राखून ठेवले नाही. हा वरही राखून ठेवणार नाही. तू काय देशील?"

"माझ्यापाशी देण्याजोगे काही नाही. जे आहे ते शापित आहे."

"तेच दे," धर्मगुरू म्हणाले.

अभयराजाने हात पुढे केला. वेणा मागे सरली. "महाराज, हा हात धरू नका. शाप आपल्या अंगी येईल."

"ठाऊक आहे मला," अभयराज म्हणाला, आणि त्याने तिचा हात धरला.

बांगडी गळून पडली. वेणेच्या बोटांत रक्त धावले, नखे गुलाबी झाली. आणि अभयराजाचा हात करडा पडला, मग खांदा, मग छाती. त्याची नजर शेवटपर्यंत तिच्यावर होती. मग तीही दगडाची झाली.

मांडवात हाहाकार उडाला. लोक पांगले. राजा तेवढा आपल्या आसनावर बसून राहिला, न रडता, न उठता, आणि त्याच्या त्या शांतपणाचे वेणेला भय वाटले. तिचा हात अजून त्या दगडी मुठीत होता. तो तिला सोडवून घेता आला असता.

भारद्वाज मांडवाच्या खांबावर उतरला. "मी काय करू?" तिने विचारले.

"त्याला उठवणे तुझ्या हाती नाही. शिलादंत तीन वेळा येईल. तू इथेच राहा."

दिवस वर आला तसा शिलादंत मुकुट घेऊन आला. तो मुकुट इतका तेजस्वी होता, की मांडवाची सावली नाहीशी झाली. "तुझा हात बरा झाला," तो म्हणाला. "आता तुला बाधणार नाही असे सोने देतो. राणी हो."

"मी वरले आहे," वेणा म्हणाली. मुकुट काळवंडला.

ऊन डोक्यावर आले तेव्हा मायावी मल्हणाचे रूप घेऊन आला. बापाचा आवाज, बापाचेच पाणावलेले डोळे. "लेकी, मेलेल्यापाशी किती उभी राहशील? घरी चल. तुझ्यावाचून चूल पेटलेली नाही."

वेणेला हुंदका आवरेना. पाय घराकडे ओढू लागले. "बाबा, तुम्हीच मला इथे आणून दिलेत," ती म्हणाली. "मी इथलीच झाले." तिने हात सोडवला नाही. समोरचे रूप धुरासारखे विरून गेले.

दिवेलागणीला अभयराज स्वतः आला. जिवंत, हसतमुख, रत्नांनी मढलेला. "मी उठलो, वेणे," तो म्हणाला. "माझा हात धर. तो दगड सोड."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "माझा शाप ज्यांनी आपल्या अंगावर घेतला, ते या हाताला दगड म्हणणार नाहीत. तू ते नव्हेस." आणि तिने त्या थंड मुठीवर कपाळ टेकले.

मूठ ऊबदार लागली.

आधी बोटे हलली. मग दगडाला खालपासून वरपर्यंत तडा गेला, आणि आतून असा उजेड आला की दिव्यांच्या ज्योती दिसेनाशा झाल्या. वेणा गुडघ्यांवर बसली. तिला बोलता येईना, पाहता येईना, आणि तिथून हलावेसेही वाटेना. अभयराजाने तिला हाताला धरून उठवले. राजा आसनावरून उठला, पुढे आला आणि मुलाला त्याने छातीशी धरले. शिलादंताची माया उतरली. त्या रूपाखाली उरला तो एक म्हातारा; तो डोंगराकडे पळाला आणि डोंगराने त्याला वाट दिली नाही. गुहेतल्या सोन्याची वाळू होऊन ती ओढ्यातून वाहून गेली.

मग नगरात गल्लोगल्ली दगड फुटू लागले. विहिरीवरच्या बाईने कंबर सरळ केली. उंबऱ्यातल्या माणसाने उचललेले पाऊल टेकले. माणसे डोळे चोळत, एकमेकांना चाचपत उजेडाच्या दिशेने निघाली. मांडवात पंगत मांडली होती, आणि अभयराज स्वतः कमरेला वस्त्र बांधून वाढत होता.

विहिरीवरची ती बाई मांडवाच्या कडेशी थबकली. अंगावर धूळ, डोक्यावर पदर नाही. तिने वेणेला हळूच विचारले, "बाई, लग्न कोणाचे आहे?"

"माझे," वेणा म्हणाली. मग तिने त्या बाईचा हात आपल्या हातात घेतला. "आणि तुमचेही. या, बसा. ते वाढायला तुमच्याकडेच येत आहेत."