फादर लाझरसांची मिस्सा

"पण फादर, देव मला काही बोलतच नाही. मी समजायचं तरी काय?"

फिदेलिस तुस्कानोनं पुन्हा तेच विचारलं. पोरगा मोठा हुशार, आणि ते त्याला ठाऊकही होतं. पण रविवारपर्यंत होकार कळवायचा होता... एक तर धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीला, नाहीतर लग्नासाठी सांगून आलेल्या आगाशीच्या मुलीला. त्याच्या एका शब्दासाठी दोन्हीकडे खोळंबा.

निवृत्त, म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या निवासात दुपार पेंगत होती. केळीच्या वाडीवरून वारा येई, पडदा फुगे, पुन्हा निजे. फादर पास्कोल आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. पलीकडच्या खाटेवर नव्वदीतले फादर लाझरस. त्यांना आता कुणाचीच ओळख राहिली नव्हती, स्वतःचीसुद्धा.

"उपास केले. रात्ररात्र गुडघे टेकले. एक शब्द नाही, फादर!"

"हं..."

"हं काय! देवाची हाक, पाचारण येतं म्हणतात, ते येतं तरी कसं?"

तेवढ्यात खाटेवरचे हात हळूच वर उचलले गेले. झोपेतच फादर लाझरस मिस्सेची प्रार्थना चालवायला चर्चच्या वेदीपुढे उभे राहिले होते. लोकांकडे वळून म्हणाले,

"प्रभू तुमच्याबरोबर असो..."

आणि लोकांच्या उत्तरासाठी थांबले.

म्हाताऱ्याचे ओठ थरथरू लागले. हात तसेच अधांतरी.

"प्रभू तुमच्याबरोबर असो..."

फिदेलिस आपला प्रश्न तसाच सोडून उठला आणि खाटेपाशी जाऊन वाकला.

"आणि तुमच्याही बरोबर असो, फादर."

हात खाली आले. चेहरा निवला. फिदेलिसनं त्यांची चादर सारखी केली आणि परत येऊन बसला.

"तर मी काय म्हणत होतो..."

"का उठलास?" पास्कोलांनी डोळे न उघडताच विचारलं.

"अहो, ते थांबले होते ना!"

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"त्यांनी तुझं नाव घेऊन हाक मारली?"

"त्यांना कुठलं माझं नाव माहीत, फादर..."

वाक्य तिथंच राहिलं. त्याला एकदम भरून आलं. का, ते त्याचं त्यालाच कळेना.

मग हलकेच म्हणाला, "म्हणजे... रविवारी मी काय सांगू?"

खाटेवरचे हात पुन्हा वर होत होते.

फादर पास्कोलांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... मिस्सा अजून संपली नाही."