कोरा रकाना

बार्शीच्या एका मंगल कार्यालयात समाजाचा वधू-वर मेळावा भरला होता. नावं नोंदवलेली मुलं तीनशे आणि मुली अठ्ठावीस. सुदर्शनचा हा सातवा मेळावा. मधल्या काळात त्याने मोबाइलच्या अॅपवरही नशीब आजमावून पाहिलं होतं. तिथे आठ महिन्यांत एकीनेच उत्तर दिलं, तेही विमा विकायला.

मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब माइक सोडायला तयार नव्हते. "आमच्या घराण्यात तीन पिढ्या मुलगी नाही," त्यांनी मिशीवरून हात फिरवत सांगितलं, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात सुदर्शनचा नंबर लागला. त्याचा फॉर्म बघून आप्पासाहेब हसले.

"सातवा मेळावा? तुम्हा पोरांच्या अपेक्षाच अवाच्या सवा, म्हणून लग्नं जमत नाहीत. ह्याने तर अपेक्षांचा रकाना कोराच ठेवलाय. सांग बाबा सगळ्यांना, कशी मुलगी पाहिजे तुला? गोरी? नोकरीवाली?"

सुदर्शनने माइक हातात घेतला. "तसं काही नाही, आप्पासाहेब. फक्त जन्माला आलेली असावी."

आप्पासाहेबांनी पुढचा फॉर्म उचलला आणि घाईघाईने नाव पुकारलं.

चांगलं सुनावलं, अशा समाधानात सुदर्शन खाली उतरला. आईशेजारी येऊन बसला, तर ती पदरात तोंड लपवून रडत होती.

"आई, मी त्यांना बोललो. तुला नाही."

"दोघी होत्या रे," ती म्हणाली, "तुझ्या आधी."